गादीवाफ्यावर वीड मॅट: मराठवाड्यातल्या परसबागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीड मॅट म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्या बारीक पट्ट्या विणून केलेलं काळं कापड. दुकानात त्याला कुणी ग्राउंड कव्हर म्हणतं, कुणी तणाचं कापड. ते उजेड अडवतं, पण पाणी झिरपू देतं. गादीवाफ्यावर, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यावर, खुरपणी कमी व्हावी म्हणून ते आणलं जातं, आणि नीट वापरलं तर होतेही. पण वाफ्याच्या पोटात कायमचं पुरून टाकलं की दोन वर्षांत तेच कापड डोकेदुखी होतं. म्हणून आमचं मत आधीच सांगतो: कापड वर अंथरा, पीक निघालं की उचला, आणि पहिला तुकडा वाफ्यावर नव्हे, वाफ्यांमधल्या वाटेवर टाका.

मल्चिंग पेपर आणि वीड मॅट एकच का?

नाही. मिरची-टरबुजाच्या वावरात दिसतो तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. तो साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा असतो, त्यातून पाण्याचा थेंब खाली जात नाही आणि एका हंगामात त्याचं काम संपतं. वीड मॅट जाड, विणलेली आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी. पावसाचं पाणी तिच्यातून जमिनीत जातं.

चंदेरी पेपरचा एक गुण मात्र काळ्या कापडात नाही. त्याच्या चकाकीमुळे फुलकिडे आणि पांढरी माशी थोडी बिचकते. मिरचीवर चुरडामुरडा, म्हणजे पानं आकसून मुडपण्याचा रोग, दरवर्षी येत असेल तर ही गोष्ट मोजण्यासारखी आहे. चार-पाच वाफ्यांच्या परसबागेत आम्ही तरीही कापडच सुचवतो, कारण दर हंगामाला फाटका पेपर मातीतून वेचत बसणं फार जिकिरीचं असतं.

कापड वाफ्याच्या तळाशी घालायचं की वरून?

वरून. विटांचा किंवा फरशीचा वाफा बांधताना खाली कापड टाकून वर माती भरण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण एक फूट उंचीच्या वाफ्यात तो चुकतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांची मुळं वीतभर मातीत भागवून घेतात. वांगी, टोमॅटो, मिरची यांना दीड-दोन फूट खोली लागते. तळाला कापड असलं की मुळं तिथे अडतात, आडवी पसरतात, आणि एप्रिलमध्ये सकाळी पाणी दिलेलं झाड दुपारी मान टाकतं. शिवाय काळ्या मातीतले बारीक कण दोन-तीन वर्षांत विणीत बसतात. मग पाणी खाली उतरत नाही, वाफ्याचा तळ सडतो. गांडुळांची ये-जाही बंद होते.

तळाला कापड फक्त एका परिस्थितीत घाला: खालची जमीन लव्हाळा किंवा कुंदा अशा गाठी-मुळकांड्यांच्या चिवट तणाने भरलेली आहे, खणून काढणं शक्य नाही, आणि वाफा किमान ४५ सेंमी उंच करणार आहात. एरवी तळाला पुठ्ठ्याचे खोके उलगडून दोन थर द्या. चिकटपट्टी आणि पिना आधी काढा, पुठ्ठा पूर्ण भिजवा, सांध्यावर वीतभर एकावर एक चढवा. तो काही महिन्यांत कुजतो, तोवर खालचं बरंचसं साधं तण मरतं. वाळवीची जागा असेल तर पुठ्ठा कोरडा पडू देऊ नका.

कोणत्या भाज्यांना हे कापड जमतं?

ज्यांची रोपं लांब लांब असतात त्यांना: मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी, फुलकोबी, भेंडी, आणि काकडी, दोडका, कारलं, भोपळा हे वेल. वेलांचा आणखी एक फायदा म्हणजे फळ ओल्या मातीला टेकत नाही.

मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चुका, गाजर, मुळा, कांदा, लसूण यांना नाही. कांद्याला १५ बाय १० सेंमीवर भोकं पाडली तर कापडात कापडच उरत नाही. आलं आणि हळद यांनाही नको. त्यांचे फुटवे भोकाबाहेर, कापडाखाली निघतात, तिथेच पिवळे पडून वाकतात, आणि भर लावायची वेळ आली की सगळं कापड उचलावं लागतं.

मग पालेभाज्यांच्या वाफ्यात कापडाचा काहीच उपयोग नाही?

आहे, आणि तो फार कमी लोक करतात. पेरणीच्या महिना-दीड महिना आधी वाफा तयार करा, शेणखत मिसळा, भरपूर पाणी द्या आणि अख्खं, भोकं नसलेलं कापड घट्ट अंथरून ठेवा. ओल आणि ऊब मिळाल्याने वरच्या थरातलं तणाचं बी उगवतं, पण उजेड न मिळाल्याने पांढरं पडून मरतं. चार ते सहा आठवड्यांनी कापड काढा आणि लगेच मेथी पेरा. या वेळी माती खोल हलवायची नाही, नाहीतर खालचं नवं बी वर येतं आणि महिनाभराची वाट पाहणं वाया जातं. बी ओळीत टाकायला खुरप्याच्या टोकाने जेमतेम बोटाच्या पेराएवढी रेघ ओढली की पुरे.

एप्रिल-मेमध्ये वाफा रिकामा असेल तर काळ्या कापडाऐवजी पारदर्शक प्लास्टिक वापरा. ओल्या मातीवर ते ताणून कडा मातीने बंद केल्या की आपल्याकडच्या उन्हात वरची दहा सेंमी माती इतकी तापते की बरंच बी आणि काही रोगजंतू मरतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र यानेही पुरत्या मरत नाहीत.

कापड घेताना काय पाहायचं?

वजन आणि ऊन सोसण्याची ताकद. १०० ते १२० जीएसएमचं, यूव्ही प्रक्रिया केलेलं घ्या. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. लेबलवर विसंबू नका, ५० बाय ५० सेंमीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. १०० जीएसएम खरं असेल तर काटा २५ ग्रॅम दाखवेल. मग कापड सूर्याकडे धरा. टाचणीएवढे ठिपके दिसले तर चालतं, पलीकडच्या हाताची आकृती दिसली तर ठेवून द्या.

पातळ पांढरं, न विणलेलं जे कापड रोपांवर थंडी-किडीसाठी घालतात ते क्रॉप कव्हर. ते जेमतेम १७ ते २५ जीएसएमचं असतं. ते जमिनीवर अंथरून तण थांबत नाही.

किती कापड लागेल?

चौकटीचा वाफा ४ फूट रुंद, १० फूट लांब, म्हणजे १.२ बाय ३ मीटर असेल तर चारही बाजूंना दहा-दहा सेंमी आत खोचायला धरा: १.४ बाय ३.२ मीटर.

चौकट नसलेल्या गादीवाफ्याचा हिशेब वेगळा. माथा ९० सेंमी, पाया १२० सेंमी, उंची २५ सेंमी असेल तर उताराची प्रत्येक बाजू २९ सेंमी भरते. माथा ९०, दोन बाजू ५८, आणि दोन्ही कडांना मातीत गाडायला १५-१५ सेंमी. एकूण १७८, म्हणजे दोन मीटर रुंदीचा रोल. सव्वा मीटरचा रोल घेऊन मध्ये जोड देऊ नका, लव्हाळा नेमका तिथून निघतो.

मातीचंही विचारतात म्हणून सांगतो: १.२ बाय ३ मीटर, ३० सेंमी उंचीच्या वाफ्याला जवळपास १०८० लिटर भरण लागतं. बारा लिटरचं घमेलं धरलं तर ९० घमेली. त्यात निम्मी माती, तीस टक्के चांगलं कुजलेलं शेणखत आणि वीस टक्के जाड वाळू. नुसती काळी माती भरली तर पावसाळ्यात ती फुगून विटांचे सांधे उकलते आणि उन्हाळ्यात भेगा पडून ठिबकचं पाणी थेट खाली जातं.

अंथरायची पद्धत काय?

घाई इथेच नडते. नवा भरलेला वाफा आधी दोन-तीनदा पाणी देऊन बसू द्या, तो तीन-चार बोटं तरी खाली जातो. बसण्याआधी कापड टाकलं तर खाली पोकळी राहते, वर पाण्याची डबकी होतात आणि कापडाखालच्या उबेत तण मजेत वाढतं.

माती बसली की हराळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा, माथा सपाट करा, ढेकळं फोडा. मग ठिबक. १.२ मीटर रुंदीला १६ मिमीच्या दोन लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, दोन्ही काठांपासून ३० सेंमी आत, आणि ड्रिपर, म्हणजे थेंब गळणारी तोंडं, ३० सेंमीवर. कापड टाकण्याआधी पाणी सोडून प्रत्येक ड्रिपर डोळ्यांनी बघा. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने तोंडं बुजतात, आणि कापडाखाली बुजलेला ड्रिपर वरचं रोप सुकल्यावरच कळतो. लॅटरलचं शेवटचं टोक कापडाबाहेर ठेवा, म्हणजे आठवड्याला एकदा उघडून धुता येतं. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येणार असेल तर साधे ड्रिपर घ्या. दाब जुळवून घेणारे ड्रिपर दहा-बारा फुटांच्या उंचीवर नीट चालत नाहीत.

आता कापड. सकाळी किंवा संध्याकाळी अंथरा. भर दुपारी ते सैल पडतं, ताण कळत नाही. लाकडी चौकट असेल तर कड आत खोचून वरून पट्टी ठोका. विटांच्या वाफ्यात कड विटेला लागून १० सेंमी मातीत दाबा. गादीवाफ्याला दोन्ही बाजूंनी वीतभर खोल चर काढून कड गाडा. यू आकाराच्या तारेच्या पिना भुसभुशीत मातीत टिकत नाहीत. वापरायच्याच असतील तर २० सेंमी लांबीच्या घ्या आणि दर ६० सेंमीला एक ठोका. मेमध्ये काळी माती कडेने भेगाळते, पिना सुटतात, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्याला कापड रोपांसकट उचललं जातं. म्हणून एप्रिलमध्ये एकदा सगळ्या कडा फिरून पुन्हा दाबा.

टोमॅटोचे खांब कापड अंथरण्याआधी रोवा, किंवा वाफ्याच्या बाहेर रोवा.

भोकं कशी आणि किती अंतरावर पाडायची?

कात्रीने अधिक चिन्हासारखी चीर देऊ नका. विणलेल्या कापडाचे धागे तिथून सुटत जातात, ते खोडाला गुंडाळतात आणि शेवटी मातीत मिसळतात. चिरेचे चार कानही वाऱ्याने कोवळ्या खोडावर आपटत राहतात. तीन इंची लोखंडी पाइपचा तुकडा चुलीवर तापवा, पकडीत धरा आणि कापडावर टेकवा. गोल भोक पडतं आणि कड वितळून बंद होते. हे काम अंथरण्याआधी, मोकळ्या हवेत, खाली पत्रा ठेवून करा. वाफ्यावर अंथरल्यावर भोकं पाडणाऱ्यांच्या हातून लॅटरल हमखास वितळते. धूर अंगावर घेऊ नका, आणि शेजारी कडबा-भुसकट नको.

मिरची आणि टोमॅटोला दोन ओळी ६० सेंमीवर, ओळीत ४५ सेंमी. १.२ बाय ३ मीटरमध्ये बारा रोपं बसतात. वांग्याला ६० बाय ६०, कोबी-फुलकोबीला ४५ बाय ४५. ‘परभणी क्रांती’सारखी भेंडी थेट पेरायची तर ४५ बाय ३० वर दोन इंची भोकं, एका भोकात दोन बिया, उगवल्यावर एकच ठेवायचं. कापडावर हिरव्या किंवा पांढऱ्या रेषा असतात, त्या ओळी सरळ ठेवायला कामाला येतात. पण त्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं नसतं, आधी मोजा.

लव्हाळा, हराळी, कुंदा यांना हे कापड थांबवतं का?

बियांपासून येणारी तणं, म्हणजे घोळ, केना, दुधाणी, तांदुळजा, गाजरगवत, ही कापडाखाली मरतात. गाठी आणि मुळकांड्यांची तणं वेगळी.

लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो. मल्चिंग पेपर तो सहज फोडतो. घट्ट विणीचं कापड त्याला बहुतेक ठिकाणी अडवतं, मग तो आडवा सरकत रोपाच्या भोकातून वर येतो. तिथे त्याला महिनाभर सोडलं की खाली नव्या गाठी धरायला लागतात. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा भोकाभोवती हात फिरवा, कोंब गाठीसकट ओढा. एका हंगामात लव्हाळा संपेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मातीतल्या गाठी पुढची काही वर्षं फुटत राहतात, फक्त दर हंगामाला कमी.

हराळी खालून फारशी येत नाही, ती बाजूने, बांधावरून सरकते. वाटेवरच्या कापडाची बाहेरची कड १५ सेंमी उभी गाडली की ती तिथे अडते. कुंदा खोल काळ्या जमिनीत असेल तर कापड त्याचं औषध नाही. त्याची मुळं उन्हाळ्यात खणून, उन्हात वाळवून काढल्याशिवाय त्या जागी वाफा बांधूच नका.

उन्हाळ्यात काळ्या कापडावर रोपं भाजत नाहीत का?

भाजतात. पारा ४२-४३ वर गेला की काळ्या कापडाला हात लावून ठेवता येत नाही. कोवळं खोड भोकाच्या कडेला टेकलं की तिथे तपकिरी कडं पडतं आणि रोप आडवं होतं. लोक याला मर रोग समजून औषध ओततात. डाग मातीच्या वर, बरोबर कापडाच्या पातळीला असेल आणि मुळं पांढरी असतील तर तो भाजल्याचा डाग.

फेब्रुवारीनंतर लावणार असाल तर भोक चार इंची ठेवा, रोप मधोमध लावा आणि कापडावर दोन इंच सोयाबीनची गुळी, तुरीचं भुसकट किंवा उसाचं पाचट पसरा. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी. वरून ५० टक्क्यांची शेडनेट असेल तर उत्तमच. हे आच्छादन पावसाळ्याआधी झाडून काढायला विसरू नका, कारण ते कापडावरच कुजून त्याची माती होते, तिच्यात तण उगवतं आणि मुळं विणीत घुसतात. मग तण उपटलं की कापड फाटतं.

पाणी किती द्यायचं?

कापडाखाली माती कमी सुकते, त्यामुळे जुन्या सवयीने दिलेलं पाणी जास्त होतं. वर सांगितलेल्या वाफ्यात वीस ड्रिपर बसतात. प्रत्येकी ताशी दोन लिटर धरले तर तासाला चाळीस लिटर. वाढलेल्या पिकाला हिवाळ्यात रोज वीस मिनिटं आणि कडक उन्हाळ्यात पस्तीस-चाळीस मिनिटं इथून सुरुवात करा. टाकीच्या कमी दाबावर ड्रिपर सावकाश गळतात, म्हणून एका ड्रिपरखाली वाटी ठेवून प्रत्यक्ष मोजा. नंतर भोकातून बोट घालून बघा: दोन पेरांखाली माती हाताला चिकटत असेल तर एक दिवस गाळा. पावसाळ्यात नवं कापड पहिल्या सरीला पाणी उडवून लावतं, एक-दोन पावसांनंतर झिरपायला लागतं.

कापड असताना खत कसं द्यायचं?

शेणखत सगळं आधीच मातीत, कारण नंतर जागा नाही. पुढचं खत पाण्यातून. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) किंवा शेणाची स्लरी ठिबकमध्ये सोडायची तर दुहेरी सुती कापडातून गाळा, नाहीतर आठवड्यात ड्रिपर बंद. गाळायचा कंटाळा असेल तर मगाने थेट भोकात ओता, बारा झाडांना पाच मिनिटं लागतात. कच्चं शेण भोकात घालू नका, मुळं खाणारी हुमणीची अळी तिथेच पोसते.

खताच्या रिकाम्या गोण्या, जुन्या साड्या, फ्लेक्स चालतील का?

गोणी वीड मॅटसारखीच विणलेली असते, पण वर्षानुवर्षं ऊन सोसायला केलेली नसते. एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो आणि ते धागे वाफ्यातून वेचून निघत नाहीत. वावराभोवती रानडुकरांसाठी बांधतात त्या साड्यांमधून उजेड आत जातो, खाली तण वाढतं. फ्लेक्समधून पाणी आणि हवा दोन्ही जात नाहीत. वाटेवर तात्पुरता टाकायला हरकत नाही, भाजीच्या मुळांवर नको.

वाटेवर कापड टाकून काय मिळतं?

चिखल आणि तण दोन्हींपासून सुटका. काळ्या मातीची वाट जुलैमध्ये पायाला किलो-किलो चिकटते, आणि वाफ्यात येणारं बरंचसं तण वाटेवर बी धरून आलेलं असतं. वाट ४५ ते ६० सेंमी ठेवा. कापडाला मध्ये हलका उतार द्या, सांध्यावर १५ सेंमी चढवा.

कापडाखाली गोगलगायी, विंचू, उंदीर होतात का?

होतात, गारवा सगळ्यांनाच हवा असतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली, तेव्हापासून पावसाळ्यात सावध राहावंच लागतं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला ठेवा, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. रोपाच्या भोकात रात्री बॅटरीने बघितलं तर तिथेही सापडतात.

कापड उचलताना हाताने एकदम ओढू नका. लांब काठीने पलीकडची कड आधी उचला, दोन-तीनदा झटका, मग हात घाला. पायात बूट हवेत. मुलांना हे काम सांगू नका. एखाद्या जागी कापड फुगलेलं आणि खाली माती उकरलेली दिसली तर उंदराचं बीळ आहे, तेवढा भाग उघडा करून बीळ बुजवा.

किती वर्षं टिकतं, आणि पीक निघाल्यावर काय करायचं?

चांगलं १०० जीएसएमचं कापड आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं धरा, भुसकटाखाली झाकलेलं राहिलं तर जास्त. पीक संपलं की झाड उपटू नका, मुळं विणीत अडकलेली असतात. खोड कापडाच्या खाली, मातीलगत कापा, कापड उचला, मुळं जागेवर कुजू द्या. वाफ्यात चार-पाच घमेली शेणखत मिसळा आणि माती दोन-तीन आठवडे उघडी ठेवा, किंवा मध्ये एक मेथीचं पीक घ्या. कापडाखाली सलग तीन पिकं घेतली की वरची माती थापल्यासारखी घट्ट होते.

कापड उन्हात वाळवून माती झटका, दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा, नळकांड्यावर गुंडाळून सावलीत उंचावर बांधा. जमिनीवर ठेवलं तर उंदीर घडीतूनच आरपार कुरतडतात. भोकांचं अंतर खडूने वर लिहून ठेवा, मिरचीचं कापड वांग्याला लागत नाही. बोटाने ओढल्यावर पट्ट्या तुटायला लागल्या की ते आणखी एक हंगाम खेचू नका. अख्खं असतानाच गोळा करा आणि भंगारवाल्याकडे किंवा ग्रामपंचायतीच्या प्लास्टिक संकलनात द्या. बांधावर जाळायचं मात्र नाही.